हा ट्रंपेट कोणाचा?

1951 सालचा ‘अलबेला’ पुन्हा एकदा लावा, पण या खेपेला भगवानदादांच्या पायांकडे बघू नका. गीता बालीकडेही नको. मागे झालरीच्या बाह्यांचे शर्ट घातलेला वाद्यवृंद दिसतो, त्याच्याकडे बघा. त्यात ट्रंपेट घेऊन जे गृहस्थ आहेत त्यांचं नाव अंतोनियो झेवियर वाझ. गोव्यातल्या हळदोण्याचे, जन्म 1916 चा. मुंबईत त्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्यांचा स्वतःचा बँड वाजायचा आणि रसिकांनी त्यांना ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ ठरवून टाकलं होतं. ‘शोला जो भडके’ हे गाणं विदर्भातल्या कोणत्याही गावात लावलं तरी म्हातारी माणसंसुद्धा मान हलवतात. पण त्यातला ट्रंपेट कोणाचा, असं विचारलं तर उत्तर येत नाही.

या लेखाचं कारण तेच आहे. जॅझच्या थोर तबकड्यांची यादी कोणीही देईल. न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यूयॉर्क अशी शहरांची माळही ठरलेली आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्या देशात जॅझ सर्वांत जास्त ऐकला गेला तो सिनेमाच्या तबकड्यांवर. तो गोंदियातल्या वरातीत वाजला, मंडईत वाजला, रेडिओवर वाजला. तिथला ट्रंपेट आणि क्लॅरिनेट हा आपला स्वतःचा ठेवा आहे, आणि तो वाजवणाऱ्यांची नावं त्या तबकड्यांवर कधी छापलीच गेली नाहीत.

‘अलबेला’ आपल्या मुलखाचा सिनेमा आहे असं मी म्हणतो, ते उगाच नाही. तो काढणारे भगवान आबाजी पालव अमरावतीत जन्मले. त्याला संगीत देणारे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, जन्माने नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, पण गाणं शिकले नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. श्रीराम संगीत विद्यालयात त्यांच्या बरोबरीने शिकणारा दुसरा मुलगा होता वसंतराव देशपांडे. एकाच गुरूकडून निघालेल्या दोघांपैकी एकाने पुढे ‘कट्यार’मधला खाँसाहेब उभा केला आणि दुसऱ्याने हिंदी सिनेमात जॅझचं दार सताड उघडलं. ही गोष्ट विदर्भाने अभिमानाने सांगायला हवी.

आता थोडं मूळ तबकड्यांविषयी. ज्यांना जॅझ ऐकायची सवय नाही त्यांनी सुरुवात एकाच तबकडीपासून करावी: लुई आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’, 28 जून 1928, शिकागो. एका बाजूला तीन मिनिटांहून थोडंच जास्त मावायचं. त्यातली पहिली दहा-पंधरा सेकंदं नुसता ट्रंपेट आहे. खाली ताल नाही, साथ नाही. चार ठाम सूर येतात, मग तो वर झेपावतो आणि वळणं घेत घेत उतरतो. ख्यालाच्या श्रोत्याला हे ओळखीचं वाटेल, कारण ठेका सुरू होण्याआधी गवई जी हवा तयार करतो तीच ही. मग बाकीची मंडळी येतात. मध्ये आर्मस्ट्राँग ट्रंपेट खाली ठेवून निरर्थक अक्षरांनी गातो आणि क्लॅरिनेट त्याला उत्तर देतं. अर्ल हाइन्सचा पियानो होतो. आणि शेवटच्या फेरीत आर्मस्ट्राँग वरचा एकच सूर धरतो. चार मात्रांचा एक खंड जातो, दुसरा जातो, तिसरा जातो, तरी तो सूर सुटत नाही. चौथा संपता संपता सुटतो आणि तुकड्यांची सर लागते.

जॅझचं व्याकरण या एका तबकडीत सापडतं. चालीचा सांगाडा ठरलेला असतो. इथे तो बारा खंडांचा आहे. आपलं आवर्तन जसं फिरून समेवर येतं तसा हा सांगाडाही फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीत वाजवणारा नवं काही मांडतो. लिहून आणलेलं वाजवणं वेगळं आणि तिथल्या तिथे सुचलेलं वाजवणं वेगळं, हा भेद आपल्याकडे समजावून सांगावा लागत नाही. उपज म्हणजे काय हे ज्याला कळलं त्याला जॅझ अर्धा कळलेला असतो.

निरर्थक अक्षरांचंही तसंच. आर्मस्ट्राँगने 1926 साली ‘हीबी जीबीज’मध्ये शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गायलं. शब्दांचा कागद हातातून पडला म्हणून तसं झालं, अशी आख्यायिका तेव्हापासून सांगितली जाते. ज्यांच्याकडे तराणा आहे त्यांना त्याचं नवल वाटायचं कारण नाही. 1957 च्या ‘आशा’मध्ये सी. रामचंद्रांनी ‘ईना मीना डीका’ केलं, तेव्हा त्यांच्यासमोर तराणाही होता आणि आर्मस्ट्राँगही. खिडकीबाहेर खेळणाऱ्या पोरांच्या गणतीच्या बोलांवरून ते सुचलं. त्यांचे गोवेकर साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणी शब्दही घुसवले. किशोरकुमारने ते गायलं आणि आशाबाईंनीही गायलं. दोन्ही लागोपाठ ऐका आणि गायकाच्या मागून धावणाऱ्या फुंकवाद्यांवर कान ठेवा. भारतीय जॅझच्या मोठ्या ध्वनिमुद्रणांत मी हे गाणं बिनदिक्कत धरतो.

पण हे लोण मुंबईत आलं कसं? 1935 साली व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्या मागोमाग कॉर्नेटवाले क्रिकेट स्मिथ आले, पियानोवाले टेडी वेदरफर्ड आले. अमेरिकेत ज्या हॉटेलात रात्रभर वाजवायचं त्याच हॉटेलात या माणसांना खोली मिळत नसे. इथे ते मानाने राहिले, आणि काहीजण वर्षानुवर्षं राहिले. यातले वेदरफर्ड मला फार महत्त्वाचे वाटतात. मे 1926 मध्ये शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदाने दोन बाजू ध्वनिमुद्रित केल्या, त्यात ट्रंपेटवर आर्मस्ट्राँग होते आणि पियानोवर वेदरफर्ड. म्हणजे मुंबईच्या पोरांनी ज्यांच्या शेजारी उभं राहून वाजवलं ते आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवलेले होते. मध्ये एकाच माणसाचं अंतर. वेदरफर्ड पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेले आणि 1945 साली तिथेच पटकीने वारले.

मुंबई आणि कलकत्ता ही त्या काळातली जॅझची दोन मोठी ठाणी. त्यांना जोडणारा एक लोहमार्ग नागपूर, गोंदिया, बिलासपूर असा जातो. एचएमव्हीच्या तबकड्या मुंबईत ध्वनिमुद्रित झाल्या तरी दाबून तयार व्हायच्या कलकत्त्याजवळ, डमडमच्या कारखान्यात. तिथून त्या देशभर जात. धान, बिडीपत्ता आणि लाकूड यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या गोंदिया जंक्शनाला या गाण्यांच्या वाटेवरही जागा आहे, हे मला नमूद करून ठेवावंसं वाटतं.

गोव्याचेच लोक एवढे का, याला साधं कारण आहे. पोर्तुगीज राजवटीत गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना सूरलिपी वाचायला शिकवत. प्रार्थनेचं संगीत वाजवायला वादक लागत, म्हणून मेस्त (चर्चच्या संगीतशिक्षकाला तिथे हेच म्हणतात) लहानपणीच व्हायोलिन किंवा कॉर्नेट हातात देई. पोरगं पोटापाण्यासाठी मुंबईला आलं की कागदावरचं संगीत बघताक्षणी वाजवू शकत असे. हॉटेलांना तेच हवं होतं, मूकपटांच्या थिएटरांना तेच हवं होतं आणि बोलपटांच्या स्टुडिओंना तर फारच हवं होतं. त्यात 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि वादकांची पावलं स्टुडिओंकडे वळली.

स्टुडिओत काम चालायचं ते असं. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. बहुतेकांना पाश्चात्त्य सूरलिपी येत नसे, आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. अरेंजर ती चाल कागदावर उतरवी. मग व्हायोलिनांनी खाली काय धरायचं, सॅक्सोफोनांनी कुठे उत्तर द्यायचं, दोन ओळींच्या मधल्या जागेत ट्रंपेट किती मात्रा चालेल, हे सगळं तो रात्रीतून लिहून काढी. सकाळी प्रत्येकाच्या स्टँडवर त्याचा त्याचा कागद. माइक मोजकेच. ज्याचं वाद्य उठावात हवं त्याने दोन पावलं पुढे यायचं, तुकडा झाला की मागे सरायचं. कोणी चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. गायक, कोरस, चाळीस-पन्नास वादक एका दमात वाजवत आणि ते मुद्रण तसंच तबकडीवर जाई. जोडकाम नव्हतं, दुरुस्ती नव्हती. आज त्या गाण्यांत जो जिवंतपणा लागतो तो या जोखमीतून आलेला आहे.

सेबास्टियन डिसोझा यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. लाहोरमधल्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा बँड होता. फाळणीने तो संसार मोडला आणि ते मुंबईत आले. आधी ओ. पी. नय्यर यांच्यासाठी आणि मग वीसेक वर्षं शंकर-जयकिशन यांच्यासाठी त्यांनी वाद्यमेळ लिहिला. फ्रँक फर्नांड हे कुडचड्याचे, आधी रूडी कॉटनच्या बँडमधले ट्रंपेटवाले. पुढे सिनेसंगीतात साहाय्यक म्हणून त्यांनी आयुष्य घातलं आणि ‘आमचें नशीब’ (1963) आणि ‘निर्मोण’ (1966) हे दोन कोंकणी चित्रपटही काढले. रूडी कॉटन म्हणजे पारशी कावसजी खटाव. कावस लॉर्ड पारशी, मनोहारी सिंग कलकत्त्याचे नेपाळी, आणि त्या सगळ्यांना सूर सांगणारा नागपूरचा सप्रे-शिष्य. असा तो मेळा होता.

सी. रामचंद्रांना ‘पाश्चात्त्य चालीवाले’ म्हणून बाजूला काढणारे लोक अजून भेटतात. ‘शहनाई’ (1947), ‘समाधी’ (1950), ‘अलबेला’, ‘आशा’ हे धडाकेबाज काम त्यांचंच, आणि ‘अनारकली’ (1953) हेही त्यांचंच. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ही त्यांचंच. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन सगळं आहे, पण मुखड्याची ओळ हार्मोनियमवर वाजवून बघा. ती इथलीच आहे. उसनं घेतलेलं पचवायला आधी आपलं पक्कं असावं लागतं आणि ते त्यांना नागपुरात मिळालं होतं.

आता नावांविषयी. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या गोल कागदावर चित्रपटाचं नाव असे, संगीतकाराचं असे, गाणाऱ्याचं असे. तेही सुरुवातीला नीट नसे. 1949 च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. लताबाईंनी पुढे गायकांच्या नावासाठी आणि हक्कासाठी झगडून ते मिळवलं. वादकांसाठी तसं भांडायला कोणी उभं राहिलं नाही. शिकागोच्या 1928 च्या त्या तबकडीवर ड्रम कोणाचा, क्लॅरिनेट कोणाचं, हे जॅझच्या अभ्यासकांनी शोधून, जुळवून, वाद घालून लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे 1957 च्या गाण्यातला सॅक्सोफोन कोणाचा हे सांगणारी माणसं एकेक करून निघून गेली.

गोंदियाकडे येतो. आमच्याकडे वरातीचा बँड म्हणजे पलटणीच्या बँडचं नागरी रूप. नागपूरशेजारी कामठीला 1821 पासून छावणी आहे. तिथली पितळी वाद्यं, ती कवायतीची चाल, तो लाल-निळा पोशाख हळूहळू लग्नाच्या मांडवापर्यंत आला. गेल्या काही वर्षांत मात्र धुमालने ही जागा घेतली. गाडीवर रचलेले ढोल-ताशे, एक कॅसिओ आणि भोंगे. नाचायला त्याची मजा वेगळी आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण धुमाल आला तशी फुंकीची वाद्यं मागे पडली, हे खरं आहे.

तालुक्यातल्या एका बँडच्या मास्तरांकडे त्यांचं क्लॅरिनेट मी जवळून पाहिलं. वाद्य काळ्या लाकडाचं, सांध्यांवर दोरा गुंडाळलेला, एका चावीची स्प्रिंग गेलेली म्हणून तिथे रबरबँड. तोंडाशी वेताची पातळ रीड. ती आधी जिभेवर धरून ओली करायची, मग तोंडाच्या तुकड्यावर सपाट बसवून पेच आवळायचा. केसभर वर-खाली झाली तर वाद्य चिरकतं. नवी रीड जाड वाटली तर ते दाढीच्या ब्लेडने तिचं टोक हलक्या हाताने खरवडतात, उजेडाकडे धरून बघतात, परत खरवडतात. जुनी फेकत नाहीत. पावसाळ्यात कोणती चालेल आणि मे महिन्याच्या लग्नसराईत कोणती, याचे त्यांचे हिशेब आहेत. सूरलिपी त्यांना येत नाही. सिनेमाची गाणी कानाने उचललेली, वडिलांकडून आलेली. त्यांनी ‘ईना मीना डीका’ वाजवलं. मुखडा जसाच्या तसा. मधल्या जागेत मात्र तबकडीवरचा तुकडा नव्हता, तिथे ते स्वतःचं काहीतरी वाजवून गेले. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हा ते आणखी वेगळं होतं. हे असं का करता, असं विचारल्यावर त्यांना प्रश्नच नीट कळेना. वरात लांबली तर तेच तेच किती वाजवायचं, असं त्यांचं म्हणणं.

न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर, लग्नाच्या आणि मयताच्या मिरवणुकीत, पितळी बँड वाजवणाऱ्या माणसांनी जॅझ घडवला तो नेमका याच गरजेतून. रस्ता लांब, चाल आखूड.

झाडीपट्टीची रंगभूमी या बाबतीत शहाणी आहे. भाऊबीजेनंतर मंडया सुरू होतात, गावोगाव दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटकं. अर्जुनी मोरगावपासून वडशापर्यंत मोसम भरात असतो. नाटकाला संगीत जिवंत लागतं. रंगमंचापुढे ऑर्गन, तबला, आणि आता ऑक्टोपॅड. नट ओळ विसरला किंवा प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ मागितला की ऑर्गनवाल्याने क्षणात सावरायचं. नाटकाच्या पत्रकावर नटनट्यांच्या फोटोंखाली वादकांची नावंही छापतात. एचएमव्हीने जे वर्षानुवर्षं केलं नाही ते आमच्या गावच्या नाट्यमंडळाने केलं.

एचएमव्हीनेही एकदा केलं, ते सांगायला हवं. 1968 साली ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची लाँग प्ले तबकडी निघाली. शंकर-जयकिशन यांची रचना, अकरा राग: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती असे. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, आणि वाद्यमेळ सेबास्टियन यांचा. वादकांची नावं वेष्टनावर आली. माझ्या मते सगळेच तुकडे सारखे जमलेले नाहीत. काही ठिकाणी सतार आणि सॅक्सोफोन नुसते शेजारी बसल्यासारखे वाटतात. पण जिथे जमलंय तिथे मनोहारीदा रागाच्या हद्दीत राहून असे मोकळे होतात की सिनेमाने या माणसांकडून किती थोडं घेतलं याची हळहळ वाटते.

त्याच दशकात उलट दिशेचा प्रवासही सुरू होता. ड्यूक एलिंग्टन 1963 मध्ये भारतात येऊन गेले आणि त्या दौऱ्याच्या आठवणींतून त्यांची ‘फार ईस्ट सूट’ झाली. ती ध्वनिमुद्रित झाली डिसेंबर 1966 मध्ये. जॉन कोल्ट्रेनने 1961 मध्येच ‘इंडिया’ वाजवलं होतं आणि रविशंकरांवरच्या प्रेमाने पुढे मुलाचं नाव रवी ठेवलं. माइल्स डेव्हिसची 1959 ची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जॅझमधली सर्वांत गाजलेली तबकडी. तीत त्याने भराभर बदलणाऱ्या स्वरसंघांचं (कॉर्ड्सचं) ओझं उतरवून एकेका स्वरमालिकेवर थांबायला सुरुवात केली. रागसंगीताच्या श्रोत्याने ती जरूर ऐकावी, त्याला घरचं वाटेल. सॅक्सोफोनचे थोर कलावंत सॉनी रोलिन्स 1968 मध्ये पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहिले आणि दहा वर्षांनी निरंजन झवेरी यांनी सुरू केलेल्या ‘जॅझ यात्रा’त वाजवायला परत आले.

आणि एक ध्वनिमुद्रण असं, ज्याची मराठी रसिकांत चर्चा व्हायला हवी होती. बेळगावात जन्मलेल्या भानुमती शिरोडकर, म्हणजे ठुमरीच्या शोभा गुर्टू. त्यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तालवादक म्हणून जॅझच्या जगात गेले. त्यांची ‘उस्फ्रेट’ ही तबकडी 1988 ची. तीत ट्रंपेटवर डॉन चेरी आहेत, ज्यांनी ऑर्नेट कोलमनबरोबर 1959 मध्ये जॅझला नवं वळण दिलं, आणि त्याच तबकडीत शोभाताईंचा आवाज आहे. त्या काही बदलत नाहीत. आपल्याच ढंगात, आपल्याच ठेहरावाने गातात आणि बाकीचे सगळे त्यांच्याभोवती जागा करून घेतात. चिक चॉकलेटच्या पिढीने जॅझ इथल्या गाण्यात आणला. इथे गाणंच उठून जॅझच्या घरात पाहुणं गेलं, आणि पाहुण्याला पाट मांडला गेला.

एक नाव मात्र तबकडीवर आलं, आणि तेही गाण्याच्या मुखड्यात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, जन्म 1927 चा. ते जॅझचे नव्हेत. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि पाश्चात्त्य वाद्यमेळाचे जाणकार, रागसंगीतावर जीव लावलेले. 1958 साली मुंबईत सेंट झेवियर कॉलेजच्या आवारात त्यांनी रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या पोरांत एक होते प्यारेलाल शर्मा. 1977 मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’ केला तेव्हा शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. 18 जानेवारी 2012 रोजी गोव्यात गोन्साल्विस वारले.

वरातीत ते गाणं वाजलं नाही असं सहसा होत नाही. क्लॅरिनेटवाल्या मास्तरांनी ते शेकडो वेळा वाजवलेलं. अँथनी गोन्साल्विस हा खरा माणूस होता, आणि बाजा वाजवणाराच होता, हे त्यांना सांगितलं तेव्हा ते आधी खूश झाले. मग त्यांनी विचारलं की ते लिहून वाजवायचं नोटेशन शिकवत होते का? हो म्हटल्यावर त्यांचा पुढचा प्रश्न असा होता, की नातवाला शिकायचं आहे, इथे जवळपास ते कोण शिकवतं?